साडेनऊ, दहा आणि बारा: कायद्याच्या एका विद्यार्थिनीच्या लेखनाचं प्रकरण

विधी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षातली ही विद्यार्थिनी लेखनाच्या मदतीसाठी माझ्याकडे आली ती एका शेऱ्यासह: ‘इंग्रजी सुधारा’. शाळा मराठी माध्यमाची, बारावीपर्यंत गुण उत्तम आणि पाठांतर पक्कं. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येणार, लेखी परीक्षेत मात्र गुण जेमतेम. महाविद्यालयाने तिला कायद्याच्या इंग्रजीच्या सामाईक वर्गात बसवलं होतं. तो तिने नेमाने पूर्ण केला. काळ, वचन, विरामचिन्हं सगळं करून झालं, पण पुढच्या असाइनमेंटवर पुन्हा तोच शेरा आला. ओळख पटेल असे सगळे तपशील इथे गाळले आहेत. तिचं लेखन मात्र जसं होतं तसंच मांडते, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्या कागदांवरच आहे.

असाइनमेंट करार कायद्याची होती. प्रश्न असा: एका विक्रेत्याने छपाईयंत्र विकण्याचा प्रस्ताव पत्राने पाठवला आणि तो खरेदीदाराला मिळाला. गुरुवारी सकाळी साडेनऊला विक्रेत्याने प्रस्ताव मागे घेत असल्याचा ईमेल केला. दहा वाजता खरेदीदाराने स्वीकृतीचं पत्र टपालपेटीत टाकलं. ईमेल त्याने उघडला दुपारी बारा वाजता. करार झाला का?

तिचं उत्तर तीन पानांचं होतं. भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम २ च्या व्याख्या शब्दशः होत्या. कलम ४ आणि ५ पूर्ण उतरवलेली होती. टेलिफोनवरून होणाऱ्या करारांबद्दलचा भगवानदास केडिया खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा एका परिच्छेदात होता. शेवटी, वरील तरतुदींच्या प्रकाशात सदर करार वैध ठरतो, अशा अर्थाचं एक वाक्य. शिक्षकांनी लाल शाईने व्याकरणाच्या चुका खुणावल्या होत्या आणि त्या चुका खऱ्याच होत्या. पण तीन पानांत साडेनऊ, दहा आणि बारा या वेळा एकदाही आलेल्या नव्हत्या. ज्या तीन वेळांवर अख्खा प्रश्न उभा आहे, त्यांच्याशिवाय उत्तर लिहून झालं होतं. आणि लाल शाईतही त्याचा उल्लेख नव्हता.

चुका कुठे होत्या

लेखनात मदत मागायला आलेल्या विद्यार्थ्याचा कागद मी आधी चुकांच्या संख्येसाठी वाचत नाही, चुकांच्या जागेसाठी वाचते. इथे ते वाचन फार बोलकं निघालं. पहिल्या परिच्छेदात तिने प्रश्नातली हकिगत थोडक्यात सांगितली होती. ती वाक्यं लहान, तिची स्वतःची आणि जवळजवळ निर्दोष होती. कलमं उतरवलेला भाग अर्थातच बिनचूक होता. चुकांचा गुंता होता तो या दोन्हींच्या सांध्यावर, म्हणजे कायदा हकिगतीला लावायची वेळ आली त्या ओळींत. तिथे वाक्य चार ओळींचं होत होतं, कर्ता हरवत होता, एका संबंधी उपवाक्यात दुसरं अडकत होतं आणि क्रियापद कोणाचं हे कळेनासं होत होतं.

ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या चुका पानभर सारख्या विखुरलेल्या असतात. हिच्या चुका विचार ठरलेला नव्हता नेमक्या तिथेच होत्या. नव्या विद्याशाखेत शिरणाऱ्याचं लेखन काही काळ बिघडतं, आधी सहज जमणाऱ्या गोष्टीही हातून सुटतात, हे लेखन शिकवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. लक्ष सगळं नव्या ओझ्याकडे गेलेलं असतं. अशा वेळी व्याकरणाचा वर्ग हे चुकीच्या दुखण्यावरचं औषध ठरतं, आणि विद्यार्थ्याची मात्र समजूत होते की आपण औषध घेऊनही बरे होत नाही.

मी तिला कागद मिटायला सांगितला आणि म्हटलं, ‘काय झालं ते मला मराठीत सांग. कलमं नकोत.’

ती म्हणाली, ‘मॅडम, त्याने ईमेल साडेनऊला टाकला खरा, पण ह्याने तो बघितलाच नव्हता ना. दहाला पत्र पेटीत पडलं. एकदा पेटीत पडलं की ते ह्याच्या हातात राहत नाही, परत काढता येत नाही. म्हणजे तिथेच विक्रेता बांधला गेला. बाराला ईमेल वाचून आता काय उपयोग?’

करार कायद्याच्या कलम ४ चा गाभा या पाच वाक्यांत आला होता. स्वीकृती कळवण्याची क्रिया प्रस्ताव मांडणाऱ्याच्या बाबतीत केव्हा पूर्ण होते? स्वीकृती त्याच्याकडे जाण्याच्या मार्गावर टाकली गेली आणि ती परत घेणं स्वीकारणाऱ्याच्या हातात राहिलं नाही, तेव्हा. प्रस्ताव मागे घेतल्याचं कळवणं समोरच्याच्या बाबतीत केव्हा पूर्ण होतं? ते त्याला समजतं तेव्हा. आणि कलम ५ म्हणतं की स्वीकृती प्रस्तावकाविरुद्ध पूर्ण होण्याआधीच प्रस्ताव मागे घेता येतो, नंतर नाही. तिला हे सगळं समजलेलं होतं. मी विचारलं, ‘मग हे लिहिलं का नाहीस?’

‘हे तर साधं बोलणं झालं, मॅडम. कायद्यात असं लिहितात का?’

माझ्या मते प्रकरणाचं निदान या एका वाक्यात झालं. तिने लेखनाचा नमुना म्हणून जे वाचलं होतं ते कायद्याची कलमं आणि जुने निवाडे. कलम हजारो माणसांना लागू व्हायचं असतं, म्हणून त्यात कुठल्याच माणसाचं नाव नसतं, वार नसतो, घड्याळ नसतं. उत्तर मात्र एकाच विक्रेत्याबद्दल आणि एकाच गुरुवारबद्दल लिहायचं असतं. कलमाच्या भाषेत उत्तर लिहायला निघालेली मुलगी प्रामाणिकपणे प्रत्येक ठोस गोष्ट खोडत जाते, कारण ती तिला अशोभनीय वाटते. तिच्या उत्तरात वेळा राहून गेल्या नव्हत्या. कायद्याच्या लेखनाला त्या शोभत नाहीत असं समजून तिने त्या बाहेर ठेवल्या होत्या.

काय केलं

सुरुवातीचे काही आठवडे व्याकरणाला हात लावायचा नाही, असं आम्ही ठरवलं. तिला ते पटेना. आपल्या चुका कोणी दाखवत नाही म्हणजे मदतच होत नाही, असं तिला वाटायचं, आणि इतकी वर्षं लाल शाईलाच मदत समजलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला तसंच वाटेल. मी तिला एवढंच सांगितलं की जे वाक्य पुढच्या मसुद्यात राहणारच नाही त्याचं व्याकरण दुरुस्त करण्यात दोघींचा वेळ जाईल.

पहिलं काम रंगांचं. तिनेच आपल्या जुन्या उत्तरात कायदा सांगणारी वाक्यं एका रंगाने आणि प्रश्नातली माणसं, वस्तू, वेळा यांचा उल्लेख असलेली दुसऱ्या रंगाने रंगवली. पहिला परिच्छेद सोडला तर तिन्ही पानं एकाच रंगाची निघाली. ते पाहून ती बराच वेळ गप्प होती. हे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिने स्वतःच्या हाताने रंगवून पाहणं फार वेगळं होतं.

तिला आयरॅकची चौकट माहीत होती: मुद्दा, नियम, उपयोजन, निष्कर्ष. किंबहुना तिच्या उत्तरात ते चार मथळेच होते. पण ‘उपयोजन’ या मथळ्याखाली नियमच पुन्हा वेगळ्या शब्दांत आला होता. ही चौकट कुठे काय ठेवायचं ते सांगते, उपयोजनाच्या परिच्छेदात डोक्याने नेमकं काय करायचं ते सांगत नाही. बहुतेक विद्यार्थी अडतात ते इथेच. म्हणून तिला एक कसोटी दिली. उपयोजनातलं प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं: या प्रश्नातला विक्रेता, पत्र, ईमेल आणि वेळा बदलल्या तरी हे वाक्य जसंच्या तसं खरं राहतं का? राहत असेल तर तो नियम आहे. त्याची जागा वरच्या परिच्छेदात.

या कसोटीवर केडिया खटल्याचा परिच्छेद सर्वांत आधी अडकला. त्या खटल्यात स्वीकृती टेलिफोनवरून दिलेली होती आणि न्यायालयाने बहुमताने ठरवलं की अशा तत्काळ संवादात जिथे स्वीकृती ऐकू येते तिथे करार होतो. पत्र पेटीत पडताच करार होतो हा टपालाचा नियम तिथे लागत नाही. आपल्या प्रश्नात स्वीकृती तर टपालानेच गेली आहे. मग हा निवाडा इथे कशासाठी? ती म्हणाली, ‘सर्वोच्च न्यायालयाचा आहे म्हणून घातला.’ मी तो काढायला सांगितलं नाही. तो ठेवायचा असेल तर कारण लिही, एवढंच म्हटलं. पुढच्या मसुद्यात तिने एकच वाक्य लिहिलं: इथे स्वीकृती दहा वाजता टपालात पडली, त्यामुळे केडियामधला तत्काळ संवादाचा नियम या स्वीकृतीला लागत नाही, विक्रेत्याचा ईमेल मात्र त्या नियमाच्या जवळचा मानायचा की पत्रासारखा, हा प्रश्न उरतो. अर्ध्या पानाच्या सारांशाने जे झालं नव्हतं ते त्या वाक्याने झालं.

आणि तो उरलेला प्रश्न तिला पुढे घेऊन गेला. दुसऱ्या मसुद्याआधी ती स्वतःहून माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम १३ घेऊन आली. इलेक्ट्रॉनिक अभिलेख केव्हा पोचला असं मानायचं ते त्यात सांगितलेलं आहे. एखादा ईमेल-पत्ता संदेशांसाठी नेमून दिलेला असेल तर संदेश तिथे शिरतो तेव्हा तो पोचला. नेमून दिलेला पत्ता सोडून भलत्याच ठिकाणी पाठवला असेल तर समोरचा तो काढून घेतो तेव्हा. ‘मॅडम, मग माझं उत्तर चुकलं का? ईमेल साडेनऊलाच पोचला की.’

इथे आमचं बोलणं सर्वांत जास्त रंगलं. पोचणं आणि समजणं या एकच गोष्टी आहेत का? करार कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रस्ताव मागे घेतल्याचं समोरच्याला ‘समजणं’ महत्त्वाचं आहे, तर कलम १३ संदेश ‘पोचल्याची’ वेळ ठरवतं. विक्रेत्याचा वकील म्हणेल, पत्ता नेमलेला होता, साडेनऊला ईमेल तिथे शिरला, खरेदीदाराने पाहिला नाही हा त्याचा प्रश्न. खरेदीदाराचा वकील म्हणेल, १८७२ चा कायदा समजण्याबद्दल बोलतो आणि २००० च्या कायद्याने ती अट पुसलेली नाही. तिने दोन्ही बाजू लिहिल्या, पत्ता नेमलेला होता की नाही हे प्रश्नात दिलेलं नाही हेही लिहिलं आणि मग आपलं मत दिलं: करार झाला, कारण दहा वाजता खरेदीदाराला प्रस्ताव मागे घेतल्याचं समजलेलं नव्हतं. तीन पानांचं उत्तर दीड पानावर आलं आणि तिन्ही वेळा त्यात अनेकदा आल्या.

हे निष्कर्ष तिचे होते. त्यासाठी एक नियम मी सुरुवातीपासून पाळला आणि विषयाच्या शिक्षकांनाही तो कळवून ठेवला: पेन तिच्या हातात राहील. मी प्रश्न विचारीन, अडलेली जागा दाखवीन, पण तिच्या कागदावर वाक्य लिहिणार नाही आणि तोंडी घालूनही देणार नाही. गुणांसाठी सादर होणाऱ्या लेखनात मदतीची हद्द कुठवर, हे आधी उघडपणे ठरलेलं नसेल तर मदत करणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. भाषा सफाईदार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रश्नही यातच येतो. तिने पहिला मसुदा अशा एका साधनातून काढून पाहिला होता. इंग्रजी गुळगुळीत झालं, वेळा मात्र तरीही आल्या नाहीत. उलट आधी निदान वाक्याच्या गुंत्यावरून कळत होतं की इथे विचार अडलाय. आता ती खूणही पुसली गेली. लेखन शिकणाऱ्याच्या हातून ही खूण जाणं मला फार महागात पडणारं वाटतं.

व्याकरण त्यानंतर आलं. चूक असलेल्या ओळीसमोर समासात मी फक्त फुली करायची, चूक शोधायची तिने. मोठ्याने वाचलं की निम्म्याहून अधिक चुका तिला आपणहून ऐकू येत. वाक्यं लहान झाल्यामुळे कर्ता-क्रियापदाचा गोंधळ जवळपास संपला. इंग्रजीतल्या आर्टिकलांच्या चुका मात्र उरल्या. त्या बऱ्याच काळ उरतील, आणि त्यांनी कोणाचाही युक्तिवाद कोसळत नाही.

पुन्हा तेच

प्रकरण इथे थांबवलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. पुढच्या सत्रात फौजदारी कायद्याची असाइनमेंट आली. भांडणात एकाने दुसऱ्याच्या डोक्यात लाकडी दांडक्याचा एकच घाव घातला, दोन दिवसांनी घाव बसलेला माणूस मरण पावला. सदोष मनुष्यवध की खून? तिच्या पहिल्या मसुद्यात भारतीय न्याय संहिता, २०२३ ची सदोष मनुष्यवधाचं कलम १०० आणि खुनाचं कलम १०१ पूर्ण उतरवलेली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा गोविंदा खटला एका पानभर. दांडका कुठेच नव्हता.

शिकवलेलं कौशल्य एका विषयातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. नवा विषय आला की भीती नवी असते, आणि भ्यालेला विद्यार्थी पुन्हा कलमांच्या आडोशाला जातो. यावेळी फरक इतकाच पडला की मला निदान करावं लागलं नाही. तिने रंगाचे पेन आपणहून काढले.

अडचण मात्र एक पायरी वरची होती. निवाडा हकिगतीशी ताडून कसा पाहायचा, ही. गोविंदा खटल्यात नवऱ्याने बायकोला खाली पाडून छातीवर गुडघा ठेवला होता आणि तोंडावर मुठीने दोन-तीन जोरदार ठोसे मारले होते. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. न्यायालयाने तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध मानला. आता आपल्या प्रश्नातल्या दांडक्याला त्याच्याशेजारी उभं करायचं. मूठ आणि दांडका. तोंड आणि डोकं. दोन-तीन ठोसे आणि एकच घाव. यातला कुठला फरक आरोपीच्या बाजूने जातो, कुठला विरुद्ध? घाव एकच होता ही गोष्ट त्याच्या बाजूची, पण हत्यार आणि जागा विरुद्ध. तिने हे दोन स्तंभांत मांडलं आणि मग परिच्छेद लिहिला. निवाडा ‘सारखा आहे’ असं न म्हणता कशात सारखा आणि कशात वेगळा हे लिहायला लागल्यावर तिच्या वाक्यांत ‘कारण’ हा शब्द दिसू लागला. तोवर तो जवळपास नव्हताच.

हे सगळ्यांसाठी करता येईल का

याच शेऱ्यासह, जवळजवळ तितकेच गुण घेऊन दुसरा एक विद्यार्थीही आला होता. त्याचं इंग्रजी ओघवतं होतं आणि हकिगत तो भरभरून लिहायचा. पण कुठलंही विधान कुठल्या कलमावर किंवा निवाड्यावर उभं आहे हे सांगायचा नाही. त्याला रंगवायला दिलं तेव्हा पान हकिगतीच्या रंगाने भरलं. एकच शेरा आणि दोन उलटी दुखणी. दोघांना एकाच सामाईक वर्गात बसवून दोघांचंही भलं होणार नव्हतं.

पण व्यवहार पाहायलाच हवा. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार एका तुकडीत साठपर्यंत विद्यार्थी असतात. प्रत्येकाला अर्धा तास द्यायचा म्हटलं तर एकाच फेरीला तीस तास लागतात. ज्या शिक्षकाकडे दोन-तीन तुकड्या आहेत त्याला हे सांगणं अन्यायाचं आहे. अभ्यासक्रमात लेखनाला जागा नाही असंही नाही. कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मसुदालेखनाची सक्तीची प्रात्यक्षिकं आहेत, मूट कोर्ट म्हणजे सरावाचं न्यायालयही आहे. पण मसुदालेखनात ठरलेल्या साच्यातला दावा, अर्ज, दस्त लिहायला शिकवतात, आणि हा पेपर बहुधा अभ्यासक्रमाच्या उत्तरार्धात येतो. तोवर कलम उतरवून उत्तर भरायची सवय पक्की झालेली असते.

रंगवण्याचं काम आणि ‘माणसं बदलली तरी वाक्य खरं राहतं का’ ही कसोटी एका तासिकेत साठ जणांकडून करून घेता येते, मी घेते. कागद मिटून ‘काय झालं ते सांग’ हे मात्र एकेकट्यानेच होतं. चारचौघांत ती ‘कायद्यात असं लिहितात का’ म्हणाली नसती. साठही उत्तरपत्रिका लाल शाईने भरण्यात जो वेळ जातो, त्यातला काही काढून दहा-बारा जणांशी असं बोलावं असं माझं ठाम मत आहे. बाकीच्यांच्या कागदावर एकच खूण पुरे: हकिगत जिथे सुटली ती जागा.

भाषेचा प्रश्न यात वेगळा उरतोच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च न्यायालयात आणि बहुतेक उच्च न्यायालयांत कामकाज इंग्रजीत चालतं, आणि तिथे उभं राहायचं स्वप्न असलेल्या मराठी माध्यमातल्या मुलीला इंग्रजी हवंच. म्हणूनच तिला आधी मराठीत विचार पूर्ण करू द्यावा. अर्धवट विचार इंग्रजीत नेला की दोन्ही भाषांचं ओझं एकाच वाक्यावर पडतं.

आता ती परीक्षेत उत्तराला हात घालण्याआधी शेवटच्या पानावर मराठीत घटनाक्रम मांडते, वेळ आणि वार लिहिते, मग इंग्रजीत उत्तर सुरू करते. त्यात मिनिटं जातात आणि एखादं शेवटचं उत्तर अपुरं राहतं. वेळेचं हे गणित अजून बसलेलं नाही. निवाड्यांचे संदर्भ देण्याची पद्धतही कच्ची आहे. वर्ष आणि निवाडा छापलेल्या वृत्तांकाचा क्रमांक ती अजून उलटसुलट करते. सध्या आम्ही त्यावर काम करतो आहोत.